दुडकी: चौदा फुटी बोट वळणावर आणण्याच्या नोंदी

४ ऑक्टोबर

बोट आजपासून या वहीत. चौदा फूट म्हणजे सुमारे ४.३ मीटर, फायबरची, उथळ व्ही तळाची. मागे २० अश्वशक्तीची चारस्ट्रोक आउटबोर्ड (बाहेरून अडकवायची मोटर), हातातल्या दांड्यावर चालणारी. वापरलेली घेतली. पूर्वी तिच्यावर १५ ची टूस्ट्रोक होती. ती काढून आधीच्या मालकाने ही लावली आणि लगेच विकायला काढली. आता कळतंय का.

एकटा बसून ताशी २५ किमीच्या पुढे नेली की नाळ (पुढचं टोक) वर उठते, आपटते, पुन्हा उठते. सेकंदाला एकदा, घड्याळ लावल्यासारखी. घोडं दुडकतं तशी, म्हणून या वहीत या उड्यांना दुडकीच म्हणणार. उजवीकडे जोरात वळवलं की इंजिन किंचाळतं आणि वेग गळून पडतो. सरळ जाताना उजव्या अंगावर कलते. दांड्यावरचा हात सैल केला की स्वतःच उजवीकडे तोंड फिरवते.

चार तक्रारी, आणि चारही एकाच कारणाच्या असतील असं आज मला मनापासून वाटतंय.

५ ऑक्टोबर

आधी मोजमाप, मग पाना. शांत पाण्यावर, दोन्ही दिशांना पळवून जीपीएसची सरासरी घेतली. एकटा, टाकी भरलेली. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे मिनिटाला ६१०० फेरे, वेग ताशी ३२ किमी.

पंख्याचा (प्रोपेलरचा) पिच १० इंच, म्हणजे घन पदार्थात स्क्रू फिरवला असता तर एका फेऱ्यात २५.४ सेंमी पुढे गेला असता. गिअरचं गुणोत्तर २.०८. म्हणजे पंखा मिनिटाला २९३३ वेळा फिरतो आणि हिशोबाने ४४.७ किमी वेग यायला हवा. आला ३२. २८ टक्के घसरण. अशा हलक्या बोटीला १० ते १५ टक्के ठीक म्हणावी. इंजिनाची मर्यादा ६००० फेऱ्यांची, तीही ओलांडली जातेय. पंख्याला पाण्याची पकड मिळत नाही हे उघड आहे. का मिळत नाही ते नाही.

६ ऑक्टोबर

मोह आवरला नाही. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिच्यावर बसवायचे प्लास्टिकचे पंख आणले. पट्टीला चार भोकं पाडली आणि आवळले. नाळ लवकर खाली येते, दुडकी बरीच कमी. खूश होऊन घरी आलो.

(नंतरची भर: या चार भोकांत आता नायलॉनचे बोल्ट आहेत. रोज दिसतात.)

११ ऑक्टोबर

पंख लागल्यापासून ट्रिमच्या, म्हणजे मोटरचा कोन ठरवणाऱ्या, खिळीचा खेळ करतोय. ज्याने ही मोटर लावली त्याने खिळ बाहेरून दुसऱ्या भोकात ठेवली होती, म्हणजे पंख्याचा जोर नाळ उचलायच्या बाजूचा. ती सगळ्यात आतल्या भोकात आणली: मोटर ट्रान्समला, म्हणजे जिच्यावर ती अडकते त्या मागच्या फळीला, चिकटून उभी. उरलीसुरली दुडकीही गेली.

आणि मग हे झालं. धाकटा भाऊ पुढच्या बाकावर, मी दांड्यावर, वेग तीसच्या आसपास. समोरून एका मोठ्या बोटीची लाट तिरकी आली. मी थ्रॉटल कमी केला. नाळ लाटेत घुसली आणि तिथेच रुतली. पुढचा भाग खोल, मागचा हलका, आणि मागचा भाग जणू कुणी हाताने ढकलल्यासारखा डावीकडून पुढे आला. अर्ध्या सेकंदात बोट आडवी. दांडा हातातून हिसकला गेला. मी उजव्या काठावर कोपरावर पडलो, किल स्विचची (इंजिन तोडणाऱ्या बटणाची) मनगटाला बांधलेली दोरी ताणली, इंजिन बंद. शांतता. भाऊ बाकाखालून म्हणाला, "दादा, परत हेच करणार असशील तर मला किनाऱ्यावर सोड."

याला नाळेने वळणं म्हणतात. सुकाणू मागे असायला हवं, नाळ खोल रुतली की तीच सुकाणू होऊन बसते. दुडकी घालवण्यासाठी मी नाळ दाबत होतो: पंखांनी थोडी, ट्रिमने थोडी. दुखणं मागे होतं आणि उपचार पुढे चालले होते.

मनगटाला दोरी नसती तर इंजिन गिअरमध्येच राहिलं असतं आणि बोट आमच्याभोवती गोल फिरत राहिली असती. यापुढे चाचणी म्हणजे दोरी आणि दोघांच्या अंगावर लाइफ जॅकेट, मगच इंजिन.

१२ ऑक्टोबर

पंख काढले. खिळ मधल्या भोकात. शून्यावरून सुरुवात. आजपासून एक नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दोन्ही आकडे (फेरे, वेग) लिहायचे.

सोपं आधी उरकलं. क्लॅम्पचे स्क्रू सैल होते, आवळले आणि खालच्या भोकांतून बोल्ट आरपार घातले. मोटर धरून डावीउजवीकडे हलवली तर उभ्या खिळीवर किंचित खेळ, चालेल एवढा. दांड्याचा घर्षण स्क्रू अगदी मोकळा, अर्धा आटा घट्ट केला. मोटर मध्यावर आहे का ते दोन्ही कडांपासून फूटपट्टीने मोजलं: १८ मिलिमीटर उजवीकडे. मध्यावर आणली.

यातल्या कशानेही दुडकीत फरक पडला नाही. हातातली थरथर मात्र गेली.

१८ ऑक्टोबर

आज मोटर उतरवून बोट तोलली. शंका अशी, की पाण्यावर स्थिर उभी असतानाही ती मागे बसलेली दिसते.

दोन घरगुती वजनकाटे. एक ट्रान्समच्या धारेखाली आडव्या लाकडावर, दुसरा तिथून बरोबर ४ मीटर पुढे. पाणसळीने बोट आडवी केली. मागचा काटा ९८ किलो, पुढचा ३८. एकूण १३६. आतल्या बाजूला जी पाटी आहे तिच्यावर रिकाम्या बोटीचं वजन ११५.

एकवीस किलो कुठून आले?

हिशोब सोपा आहे: ३८ गुणिले ४ भागिले १३६. रिकाम्या बोटीचा भारमध्य ट्रान्समपासून १.१२ मीटरवर. मग बाकीचं वजन, प्रत्येकाचं ट्रान्समपासूनचं अंतर धरून, वहीत मांडलं. मोटर ४९ किलो, ती तर ट्रान्समच्याही १५ सेंमी मागे. बॅटरी १४ किलो, ३० सेंमीवर. भरलेली टाकी २० किलो, ४० सेंमीवर. आणि मी, ७८ किलो, मागच्या बाकावर ७० सेंमीवर. सगळं मिळून २९७ किलो आणि भारमध्य ट्रान्समपासून फक्त ७१ सेंमी. चार मीटरच्या बोटीत सगळा संसार मागच्या कोपऱ्यात.

बोट वेगात पाण्यावर चढते तेव्हा तळाचा फक्त मागचा भाग ओला राहतो आणि पाणी तेवढ्यावरच तिला उचलून धरतं. वजन फार मागे असेल तर नाळ उठते, नाळ उठली की ओला भाग आणखी आखूड होतो, आधार कमी पडला की नाळ आपटते, आपटली की तळ पुन्हा ओला होतो आणि पुन्हा उचल. १९६४ मध्ये डॅनियल सॅवित्स्की यांनी अशा बोटींसाठी हिशोबाची जी पद्धत मांडली ती आजही वापरात आहे. तिच्यातला माझ्या कामाचा भाग एवढाच: बोट पाण्याशी जो कोन करून धावते तो एका मर्यादेच्या वर गेला की दुडकी सुरू होते, आणि वेग वाढेल तशी ही मर्यादा खाली येते. म्हणूनच २५ किमीपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चालायचं.

१९ ऑक्टोबर

एकवीस किलो सापडले.

मागच्या बाकाच्या पुढे तळाच्या जमिनीत हाताएवढं गोल झाकण बसवण्यासाठी भोक कापलं. करवत आत गेली तसा ओलसर, कुजका वास आला. आत पिवळा फोम. बोट दाबलं तर स्पंजसारखं पाणी वर. फोम तरंगण्यासाठी असतो. हा वर्षानुवर्षं पाणी पीत बसला होता. शिडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती, कारण फोम ओतताना जमिनीखालच्या निचऱ्याची खाचही भरून टाकली होती.

हाताने, खुरप्याने, शेवटी जुन्या सुरीने उकरून काढला. चार बादल्या चिखलासारखा गोळा. पुन्हा तोललं: मागे ७९, पुढे ३५, एकूण ११४. बावीस किलो ओला फोम घेऊन मी फिरत होतो, आणि तेही ट्रान्समपासून अर्ध्या मीटरवर.

बोट उघडी करून आठवडाभर पंख्याखाली वाळवणार. घरातल्या पंख्याखाली.

२५ ऑक्टोबर

फोम काढला म्हणजे प्रश्न संपला असं नाही. भरलेली बोट बुडू नये म्हणून तो होता. तो परत घालणं भाग आहे, फक्त जागा वेगळी. या वेळी बंद पेशींच्या पॉलिएथिलीन फोमचे तयार ठोकळे घेतले, ओतायचा फोम नको. शंभर लिटर फोम पाण्याखाली गेला तर ९५ किलोहून जास्त भार उचलतो. तो जमिनीखाली ठेवला तर पाण्याने भरलेली बोट उलटी व्हायला बघते. दोन्ही बाजूंना उंच, काठाच्या खाली ठेवला तर सरळ राहते. म्हणून बाजूच्या बाकांखाली वरच्या अंगाला पट्ट्यांनी बांधला. थर्माकोल कुणीतरी सुचवला होता. पेट्रोलचा एक थेंब पडला तर तो विरघळतो, म्हणून नाही.

निचऱ्याची खाच मोकळी केली. आता तळातलं पाणी मागच्या बुचापर्यंत येतं.

२६ ऑक्टोबर

सामान हलवलं. टाकी मधल्या बाकापुढे, ट्रान्समपासून २.२ मीटरवर, पट्ट्याने जखडून. इंधनाची नळी लांब झाली, तिला कुठे पीळ किंवा चिमटा बसत नाही ना हे बघून बाजूने नेली. बॅटरी मधल्या बाकाखाली २ मीटरवर, झाकणाच्या खोक्यात. स्टार्टरच्या तारा लांब केल्या की जाडही कराव्या लागतात, नाहीतर स्टार्टर कण्हतो. जाड तारेला पैसे जातात, पण बारीक तारेची कसर दर सकाळी स्टार्टर मारताना भोगावी लागते.

सगळ्यात मोठं वजन मीच. दांड्याला जोडनळी बसवली म्हणजे मी ७० ऐवजी १२० सेंमीवर बसू शकतो. नळी थ्रॉटलच्या मुठीवर घट्ट बसते आणि तिच्यासकट मूठ पिळता येते. इथे एक गोष्ट दोनदा तपासली: नव्या जागेवर बसूनही किल स्विचची दोरी पुरते, आणि मी मागे किंवा बाजूला पडलो तर निघते. मग कागदावर हिशोब: एकूण २७५ किलो, भारमध्य १०८ सेंमीवर. ३७ सेंमी पुढे. पंख न लावता, ट्रिम न दाबता.

१ नोव्हेंबर

दुडकी गेली. खिळ मधल्या भोकात, पंख नाहीत, मी एकटा, आणि पूर्ण थ्रॉटलला नाळ एका जागी. भाऊ किनाऱ्यावरून बघत होता, त्याने अंगठा दाखवला, मग लगेच हात उजवीकडे कलवून दाखवला. कल तसाच आहे.

५९०० फेरे, ३३ किमी. घसरण २४ टक्के. उजव्या वळणावर पंखा अजूनही हवा धरतो. म्हणजे चार तक्रारींपैकी एक गेली, आणि तिचं बाकीच्या तिघींशी काही नातं नव्हतं.

२ नोव्हेंबर

पंखा. दोन पात्यांच्या कडांना खडकाचे चावे होते, कानशीने गुळगुळीत केले. मग मधल्या रबराची परीक्षा. पंख्याचा मधला भाग आणि बाहेरची नळी यांच्यात रबर दाबून बसवलेलं असतं, धक्का बसला तर गिअर वाचावा म्हणून. ते म्हातारं झालं की आतल्या आत घसरतं, इंजिन फिरतं आणि पंखा मागे पडतो, अगदी माझ्या तक्रारीसारखं. मागच्या टोकाला आतून बाहेर एक सरळ रेघ रंगाने ओढली, वीस मिनिटं पळवली, पुन्हा पाहिली. रेघ अखंड. रबर निर्दोष. नवा पंखा घ्यायचे पैसे वाचले.

एक भाषेची गोष्ट. पंख्यावरच्या आडव्या पट्टीला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. कॅव्हिटेशन म्हणजे पात्याच्या मागे दाब इतका पडणं की पाणी थंड असूनही उकळून बुडबुडे होतात. माझ्याकडे तसं काही नाही. माझ्याकडे वरून हवा खेचली जातेय, आणि पट्टीचं काम ही हवा अडवण्याचं आहे. दोन्हींत इंजिन ओरडतं, पण औषधं वेगळी.

म्हणून पट्टीची उंची मोजली. बोट ट्रेलरवर, तळाला सरळ अॅल्युमिनियमची नळी धरून मागे वाढवली. पट्टी तळाच्या रेषेच्या १४ मिलिमीटर वर. क्लॅम्पखाली २५ मिलिमीटरची लाकडी पट्टी सापडली. कुणीतरी मोटर मुद्दाम उचलली होती. वेगासाठी उचलतात लोक, पाण्यातलं ओझं कमी होतं. पण मग पाणी स्वच्छ हवं, आणि इथे ते स्वच्छ येत नाही. लाकूड काढलं. आता पट्टी तळाच्या ११ मिलिमीटर खाली.

त्याच वेळी नजर कीलवर गेली. मध्यरेषेवर बाहेरून बसवलेली लाकडी पट्टी, २५ मिलिमीटर उंच, थेट ट्रान्समच्या धारेपर्यंत येते आणि तिथे करवतीने कापल्यासारखी बोथट संपते. बरोबर पंख्यापुढे. वेगात तिच्यामागे खळबळलेलं, हवेनं भरलेलं पाणी तयार होणार आणि ते सरळ पंख्याच्या तोंडात.

८ नोव्हेंबर

कील उतरवली. आठ बोल्ट, त्यातले दोन गंजून तुटले, अख्खी सकाळ त्या दोघांत गेली. शेवटचे ४५ सेंमी रंध्याने उतरते केले: २५ मिलिमीटरपासून शून्यापर्यंत, आणि टोक होडीच्या नाळेसारखं निमुळतं. उघडं झालेलं लाकूड एपॉक्सीने तीनदा प्यायला दिलं. बोल्टच्या प्रत्येक भोकात सीलंट, मग परत बसवली.

९ नोव्हेंबर

लाकूड काढल्याचा फरक आणि कीलचा फरक वेगळा कळावा म्हणून मधल्या आठवड्यात नुसत्या खाली आलेल्या मोटरने एक फेरी मारली होती: वळणावरची किंचाळी अर्धी. आज कीलसकट: गेली. उजवीकडे, डावीकडे, आकडा आठ काढत, पूर्ण थ्रॉटलला. पाणी पंख्यापर्यंत काचेसारखं येतं. मागे वाकून पाहिलं तर ट्रान्समच्या धारेवरून पाणी एकसंध सुटताना दिसतं. आधी मध्ये पांढरी शेपटी असायची.

५७०० फेरे, ३५ किमी. घसरण १६ टक्के.

किंमत एक द्यावी लागली. अगदी हळू चालवताना, गिअर टाकून नुसतं तरंगत जाताना, बोट आता थोडी डुलत फिरते. कीलचा मागचा भाग तिला सरळ धरत होता. मला वेगात सरळ हवी आहे, हळू जाताना दांडा हातात असतोच.

१५ नोव्हेंबर

कल. आठवडाभर हाच विचार.

सगळे म्हणतात पंख्याच्या फिरण्याने बोट कलते. खरं आहे, पण दिशा बघा. माझा पंखा मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याची प्रतिक्रिया बोटीला उलट पिळते, म्हणजे डावी बाजू खाली जायला हवी. माझी उजवी जाते. तेव्हा पंखा निर्दोष, उलट तो थोडी मदतच करतोय.

मग मी? दांडा डाव्या हातात धरायचा तर उजवीकडे बसावं लागतं. भावाला माझ्यासमोर डावीकडे बसवलं. तो ६४ किलो, म्हणून त्याच्या मांडीवर दहा लिटरचा पाण्याचा कॅन. "हे पण विज्ञान का?" म्हणाला. कल कमी झाला, पण राहिला. स्थिर उभी असताना बोट अगदी समतोल, वेगात उजवीकडे. वजन असतं तर उभी असतानाही कलली असती. म्हणजे पाणीच एका बाजूने जास्त उचलतंय.

ट्रेलरवर उलथी करण्याइतके हात नव्हते, म्हणून खाली आडवं झोपून दोन मीटरची सरळ नळी तळाला लावली, मागून पुढे, मध्यरेषेपासून हाताच्या अंतरावर. उजवीकडे नळी अखंड टेकते. कागद जात नाही. डावीकडे नळी ट्रान्समच्या धारेवर टेकते, पुढे एक मीटरवर टेकते, आणि मध्ये उजेड दिसतो. धारेपासून ४० सेंमीवर चार मिलिमीटरची फट. जाडीच्या पट्ट्या घालून तीनदा मोजलं.

चार मिलिमीटर. तळाची मागची कड खाली वळलेली, जणू तिथे एक छोटा कायमचा झडपा लावलाय. वेगात पाणी त्याला खालून वर दाबतं, डावी बाजू मागून उचलली जाते, बोट उजव्या अंगावर जाते.

आणि कारण मी ज्याच्यावर पाठ टेकून झोपलो होतो तेच. ट्रेलरची डावी आधारफळी पुढे सरकलेली, ट्रान्समच्या २५ सेंमी अलीकडेच संपते. उजवी धारेपर्यंत जाते. वर्षानुवर्षं मोटरचं आणि ओल्या फोमचं ओझं डावीकडे हवेत लटकत होतं, आणि प्रत्येक खड्ड्यात फायबर एकेक केसभर वाकत गेलं.

१६ नोव्हेंबर

आधी ट्रेलरची फळी मागे आणली. ती सोडून तळ दुरुस्त करणं म्हणजे भोक न बुजवता बादली भरणं.

दुरुस्तीचे दोन मार्ग: धार चार मिलिमीटर घासून कमी करणं, किंवा पुढचा खोलगट भाग भरणं. घासलं तर फायबरच कापलं जाईल, म्हणून भरायचं. मोटारीच्या कामाची पॉलिएस्टर पुट्टी पाण्याखाली कायम राहायच्या कामाला नको. एपॉक्सी, त्यात भरणी मिसळून, लोण्यासारखी घट्ट. मेणाचा अंश द्रावकाने पुसला, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर. हा क्रम उलटा झाला तर मेण घासून आत जातं आणि एपॉक्सी पुढे पोपडा होऊन सुटते.

१७ ते २३ नोव्हेंबर

तीन थर. प्रत्येक थर वाळला की एपॉक्सीवर मेणचट पापुद्रा येतो, तो पाण्याने धुवायचा, मग घासायचं. घासायला हाताएवढा ठोकळा घेतला नाही, ६० सेंमीच्या सरळ फळीला पेपर चिकटवला. छोटा ठोकळा खळग्यात खळग्यासारखा फिरतो, लांब फळी फक्त उंचवटे खाते. मध्ये मध्ये पेन्सिलीने पूर्ण तळावर आडव्यातिडव्या रेघा मारायच्या, घासायचं, आणि जिथे रेघ उरली तिथे अजून खोल आहे असं समजायचं.

मागच्या धारेवर सगळ्यात जास्त वेळ गेला. हात सवयीने कड गोल करायला जातो, बरं वाटतं बोटाला. पण पाणी या कडेवरून कापल्यासारखं सुटलं पाहिजे. गोल असेल तर ते कडेला चिकटून वर वळतं आणि बोटीचा मागचा भाग खाली ओढतं. ट्रान्समला चिकटपट्टी लावून तिच्यापर्यंत भरलं, पट्टी काढली आणि कड इतकी तीक्ष्ण ठेवली की नखाचा चुरा निघतो.

शेवटी नळी लावली. दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरच्या आत. वर एपॉक्सीचाच रंग. पॉलिएस्टरचा जेलकोट (फायबरवरचा चकचकीत थर) एपॉक्सीवर नीट धरत नाही.

२९ नोव्हेंबर

पाण्यात उतरवली. कल गेला. पेला ठेवला असता तर पाणी समांतर राहिलं असतं.

आणि दुडकी परत आली.

तीस किमीला हलकी, पण ओळखीची. पाच मिनिटं इंजिन बंद करून तरंगत बसलो. मग लक्षात आलं: डावीकडचा तो वाकलेला भाग मागचं अंग उचलून नाळ दाबत होता. बोटीला कलवत होता आणि त्याच वेळी दुडकी रोखत होता. दोन चुका एकमेकींना टेकून उभ्या होत्या, एक काढली तर दुसरी पडली.

खिळ एक भोक आत. ११ ऑक्टोबरची आठवण ठेवून एकच, सगळ्यात आत नाही. दुडकी गेली. भावाला पुढे बसवून मुद्दाम तिरक्या लाटेत थ्रॉटल कमी केला, आधी वीसला, मग पंचवीसला, मग तीसला. नाळ रुतली नाही. भाऊ पूर्ण वेळ बाक दोन्ही हातांनी धरून होता.

३० नोव्हेंबर

उरली उजवीकडे तोंड फिरवण्याची सवय. पंख्याच्या मागे आडव्या पट्टीखाली बारीक शेपटीसारखा धातूचा तुकडा असतो. तो फक्त गंज खाण्यासाठी आहे असं मला इतके दिवस वाटत होतं. तो फिरवता येतो. बोट उजवीकडे ओढत असेल तर त्याचं मागचं टोक उजवीकडे. उलटं वाटतं, पण तो तुकडा पाण्याला अडतो, पाणी त्याला डावीकडे ढकलतं, मोटरचं बूड डावीकडे जातं आणि बोटीचं तोंड डावीकडे. बोल्ट सैल, दोन मिलिमीटर, फेरी. अजून दीड, फेरी. आता तीसला दांड्यावर दोन बोटं पुरतात.

शेवटचे आकडे, एकटा, टाकी भरलेली: ५७५० फेरे, ३६ किमी, घसरण साडेचौदा टक्के. पंखा तोच, मोटर तीच.

उरलेलं काम: तुटलेल्या दोन बोल्टांच्या जागी स्टीलचे नवे घालायचे आहेत, सध्या पितळेचे आहेत. आणि चौघे बसवून एक चाचणी. भाऊ म्हणतो बाकीचे तिघे मी शोधावे.